श्वसनयंत्रापासून मुक्ती : अकाली जन्मलेल्या अर्भकांच्या उपचारांतील एक दुर्लक्षित प्रकरण

अकाली जन्मलेल्या अर्भकांना व्हेंटिलेटर लावण्याचा इतिहास वारंवार सांगितला जातो. तो काढण्याचा क्वचितच. वस्तुतः हा प्रश्न १९६७ मध्येच उभा राहिला. दीर्घकाळ यंत्रावर व भरपूर प्राणवायूवर राहिलेल्या अर्भकांच्या फुफ्फुसांना एक नवाच जुनाट विकार जडतो, असे स्टॅनफर्ड येथील विल्यम नॉर्थवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी नोंदविले. यंत्र लवकर काढावे तर श्वास थांबण्याचे भय, उशीर करावा तर फुफ्फुसांची हानी.

यातून वाट दाखविली ती अर्भकाच्या कण्हण्याने. कण्हताना स्वरयंत्र अंशतः मिटते व उच्छ्वासाच्या अखेरीस थोडी हवा आत अडून वायुकोश उघडे राहतात. श्वासनलिकेत नळी घातली की हा निसर्गदत्त उपाय खुंटतो. जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथून प्रसिद्ध केलेल्या कार्यात हवेचा सतत दाब देऊन तोच परिणाम साधला. २० पैकी १६ अर्भके जगली. पुढे नाकावाटे दिलेला हाच दाब नळी काढल्यानंतरचा आधार ठरला.

औषधांचा अनुभव मात्र संमिश्र होता. १९९० च्या दशकात डेक्सामेथासोनमुळे यंत्र लवकर सुटू लागले. पण त्याच मुलांत पुढे मेंदूजन्य पक्षाघाताचे प्रमाण अधिक आढळले आणि २००२ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच्या सरसकट वापराविरुद्ध सल्ला दिला. याउलट, बार्बरा श्मिट यांच्या २००६ च्या चाचणीत साध्या कॅफीनने दाबाचा आधार सुमारे एक आठवडा आधी सुटला. पुढील वर्षी याच मुलांच्या पाठपुराव्यात पक्षाघाताचे प्रमाण ७.३ ऐवजी ४.४ टक्के आढळले.