विधवा : शब्द, अर्थ आणि व्युत्पत्ती

विधवा : जिचा पती मरण पावला आहे आणि जिने पुन्हा लग्न केलेले नाही अशी स्त्री. मराठी व हिंदीत हा संस्कृत शब्द जसाच्या तसा चालतो. लखनौत त्याच्या जोडीला उर्दूतला ‘बेवा’ ऐकू येतो. तो फारसीतून आला.

विधवा आणि बेवा या सख्ख्या बहिणी आहेत. लॅटिन विडुआ, जर्मन विट्वे, रशियन व्दोवा आणि इंग्रजी विडो याच कुळातल्या. मूळ धातूचा अर्थ वेगळे पडणे, उणे होणे. ‘वि’ हा नकाराचा उपसर्ग, ‘धव’ म्हणजे नवरा आणि धव नसलेली ती विधवा, ही फोड शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेली असते; भाषाशास्त्राला ती मान्य नाही. ती फोड जुनी मात्र आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ‘विधवा’ शब्दाचा अर्थ लावताना यास्काने निरुक्तात अनेक व्युत्पत्त्या दिल्या, त्यांतली ही एक. तिथे ‘धव’ म्हणजे नुसता माणूस. पुढे अमरकोशात तो पतीचा पर्याय झाला आणि ‘सधवा’, ‘माधव’ (मा म्हणजे लक्ष्मी, तिचा पती) हे शब्द त्यातून उलगडू लागले. थोडक्यात, विधवेतून धव निघाला, धवातून विधवा नव्हे. ‘बेवा’तला ‘बे’ही ‘बेघर’मधला नव्हे. विधुर मात्र याच धातूचा. संस्कृतात त्याचा अर्थ वंचित, व्याकूळ असा मोकळा होता; बायको गेलेला पुरुष या अर्थाला तो नंतर बांधला गेला.

इंग्रजी ‘विडो’चा लखनौशी संबंध 1857 च्या उठावातला. 25 सप्टेंबरला हॅवलॉक व आउट्रम यांच्या ब्रिटिश फौजेने कालव्यावरचा चारबागचा पूल लढून घेतला आणि ती उठाववाल्यांनी वेढलेल्या रेसिडेन्सीकडे सरकली. आत वेढ्यात कॅथरिन बार्ट्रम तान्ह्या मुलाला घेऊन नवऱ्याची वाट पाहत होती. तो, डॉक्टर रॉबर्ट बार्ट्रम, याच फौजेबरोबर येत होता. दुसऱ्या दिवशी रेसिडेन्सीच्या अगदी जवळ मारला गेला. तिच्या आठवणी 1858 मध्ये लंडनला छापल्या गेल्या. मुखपृष्ठावर तिची ओळख ‘विडो’ हीच आहे.

मराठीत विधवा हा पोथीचा आणि कागदपत्रांचा शब्द. बोलण्यात रांड, रंडकी, केशवपन केलेलीला बोडकी. ‘रांड’ हा संस्कृत ‘रण्डा’वरून आलेला, पुढे त्याची शिवीच झाली. अनेक जातींत पाट किंवा मोहतूर लावून पुन्हा घर मांडता येई, त्यामुळे 1856 चा पुनर्विवाहाचा कायदा त्यांना नवे काही देणारा नव्हता. उलट पुनर्विवाह केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाईल, हे त्याचे दुसरे कलम मुंबई उच्च न्यायालयाने अशा जातींनाही लावले. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने, रूढीनेच पुनर्विवाह चालतो तिथे ते लावण्यास नकार दिला. म्हणजे पाटाच्या बाईला सुधारणेचा फटका मुंबई इलाख्यात बसला, अलाहाबादेत नाही.

लग्नपत्रिकेत नवरा असलेली ‘सौ.’, नसलेली ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी. मराठीत ‘श्रीमती’ही बरीच वर्षे विधवेकडेच बोट दाखवत आली, हिंदीत ‘श्रीमती’ म्हणजे सरळ विवाहिता. लखनौहून आलेल्या पत्रावर नावामागे ‘श्रीमती’ पाहून एखादी मराठी सासूबाई दचकली, तर चूक टपालाची नव्हे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे कळवले. उपाधीचा प्रश्न मात्र तिथे संपला नाही. ‘विधवा’ऐवजी ‘पूर्णांगी’ असा एक शब्द पुढे आला होता. एप्रिल 2023 मध्ये महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘गंगाभागीरथी’ या शब्दाचा प्रस्ताव तयार करायला सांगितले. जोरदार टीका झाल्यावर, निर्णय झालेला नाही, असा खुलासा त्यांनी केला.