कुपी क्रमांक ५३-एन

मुंबईच्या मांडवी भागांत १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. दोन वर्षांपूर्वीं हाँगकाँगमध्यें थैमान घालणारी साथ आतां येथें येऊन ठेपली होती. कलकत्त्याहून बोलावलेले जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. तेथें लस करणारा, टोंचणारा आणि टोंचून घेणारा जणूं एकच होता.

पुढें तसें राहिलें नाहीं. १८९९ सालीं प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें गेली आणि तेथून लस दूरदूर रवाना होऊं लागली. मुंबईंत भरलेली कुपी पांचगणीच्या घाटावर उघडो वा पंजाबांतील खेड्यांत, ती कोणत्या हातांनीं उघडली जाते हें करणाऱ्याला दिसणें शक्य नव्हतें.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं १०७ जणांना लस टोंचण्यांत आली. हें गांव आज पाकिस्तानांत आहे. त्यांपैकीं १९ जणांना ५३-एन या एकाच कुपींतील लस मिळाली होती. त्या एकोणीसही जणांना धनुर्वात झाला आणि त्यांतील एकही वांचला नाहीं. इतर ८८ जण सुखरूप राहिले.

धनुर्वाताचे जंतु जखमेपाशींच राहतात. घात करतें तें त्यांचें विष. तें मज्जातंतूंच्या वाटेनें पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपर्यंत चढतें, हें मेयर व रॅन्सम यांनीं १९०३ सालीं प्रयोगानें दाखविलें. स्नायूंना आवरून धरणारे मज्जेचे संदेश तें विष बंद पाडतें. मग जबडा मिटतो आणि शरीर धनुष्यासारखें ताठतें.

हें विष कुपींत शिरलें कोठें, मुंबईंत कीं मुलकोवालांत? चौकशीमंडळानें दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांनीं लस करण्याच्या रीतींतून कार्बोलिक ॲसिड वगळून उष्णतेवर भर दिला होता. संशयाला तेवढें पुरलें. त्यांना संचालकपद गमवावें लागलें. पण कुपी भरली होती १९ सप्टेंबरला. धनुर्वाताचे जंतु एकेचाळीस दिवस आंत वाढले असते, तर तिला दुर्गंधी आली असती. उघडणाऱ्या डॉक्टरांना ती मुळींच आली नव्हती. शिवाय बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशीं मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो नीट जंतुरहित न करतांच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतु तर मातींतच वास करतात.

२९ जुलै १९०७ रोजीं लंडनच्या 'टाइम्स'मध्यें रोनाल्ड रॉस आदि दहा शास्त्रज्ञांचें पत्र प्रसिद्ध झालें. हाफकिन निर्दोष ठरले व कलकत्त्यास कामावर परतले. परळच्या संस्थेस १९२५ सालीं त्यांचें नांव मिळालें.

२०२० च्या कोरोना साथींत देशांच्या सीमा बंद झाल्या, तेव्हां मेंदूविषयींचे कांहीं प्रयोगही शास्त्रज्ञांना दूर बसूनच चालवावे लागले. साधनें पालटलीं, प्रश्न मात्र मुलकोवालचाच राहिला. प्रयोग जितका लांब पसरतो, तितक्या अधिक हातांवर त्याची भिस्त असते. त्यांतील अगदीं शेवटच्या हाताला शिकविणें व त्याची नोंद ठेवणें, हाहि प्रयोगाचाच भाग होय. ती नोंद वेळेवर नीट वाचली गेली असती, तर एका निरपराध माणसाचीं पांच वर्षें वांचलीं असतीं. त्या हाताला आधीं नीट शिकविलें असतें, तर एकोणीस जीव वांचले असते.