एका बेटाच्या रक्ताचा जमाखर्च

भूमध्य समुद्राच्या पूर्व कोपऱ्यांत सायप्रस नांवाचें बेट आहे. आजच्या रत्नागिरी जिल्ह्याहून तें थोडेंसेंच मोठें. द्राक्षें आणि तांबें यांसाठीं प्राचीन काळापासून प्रसिद्ध असलेल्या या बेटाची दुसरी प्रसिद्धि हिवतापाची होती. खेड्यापाड्यांतून फिकट चेहऱ्याचीं, पांथरी वाढून पोट पुढें आलेलीं मुलें दिसत. आणि पांथरी वाढली म्हणजे हिवताप, हा निदानाचा सरधोपट मार्ग डॉक्टरांनाहि पुरत असे. त्यांतलीं कांहीं मुलें क्विनाइनला दाद देत नसत. तीं हळूहळू खंगत आणि बाल्य सरण्यापूर्वींच जात. त्यांची वेगळी नोंद कोणी ठेवली नव्हती.

१९४४ सालीं ॲलन फॉड्री या इंग्रज डॉक्टरानें या मुलांचा रोग हिवतापाहून निराळा असल्याचें दाखविलें. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरच्या थॉमस कूली या बालरोगतज्ज्ञानें १९२५ सालीं ज्याचें वर्णन केलें होतें, तोच हा रोग. १९३२ पासून त्याला थॅलॅसीमिया हें नांव मिळालें होतें. ग्रीक भाषेंत ‘थॅलॅसा’ म्हणजे समुद्र. पुढें १९४६ ते १९४९ या काळांत मेहमेत अझीझ या आरोग्याधिकाऱ्यानें गांवोगांव डीडीटी फवारून बेटावरून हिवतापाचें उच्चाटन केलें. डांस गेले, हिवताप गेला, परंतु हीं फिकट मुलें जन्मतच राहिलीं. जो रोग दुसऱ्याच्या आड लपला होता, तो आतां उघड्यावर आला.

त्या दोहोंचें नातें मात्र जुनेंच होतें. जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं याच सुमारास असा तर्क मांडला कीं, ज्याला आईबापांपैकीं एकाकडूनच या रोगाचें बीज मिळतें, तो स्वतः निरोगी राहतो आणि हिवतापापासून त्याचें अंशतः रक्षणहि होतें. (हेच हॉल्डेन १९५७ सालीं भारतांत येऊन स्थायिक झाले आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले.) शेकडों वर्षें हिवतापानें गांजलेल्या बेटावर असे वाहक अधिक संख्येनें जगले आणि वाढले. सायप्रसमध्यें दर सात माणसांमागें एक वाहक आढळतो. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भाच्या वेळीं चारांत एक अशी शक्यता असते कीं, मूल दोन्हीकडचें बीज घेऊन येईल आणि त्याचें शरीर पुरेसा रक्तरंग तयार करूं शकणार नाहीं. या प्रमाणानें बेटावर दरवर्षीं साठ-सत्तर रोगी मुलें जन्मणार, असा हिशेब निघत होता.

जोंपर्यंत हीं मुलें लहानपणींच मरत, तोंपर्यंत सरकारी अंदाजपत्रकांत त्यांना स्थान नव्हतें. हें वाक्य कठोर वाटेल, पण पुढचा सारा इतिहास त्यांतूनच उलगडतो. मूल एका वर्षाचें होऊन मेलें, तर त्याचा खर्च आईबापांच्या डोळ्यांतच राहतो; तें वीस वर्षें जगलें, तर त्याचा आंकडा खजिन्याच्या वहींत चढतो. प्रथम नियमित रक्त देण्याची पद्धत आली. दर तीन-चार आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त दिलें, कीं मूल हसूं-खेळूं लागे, शाळेंत जाई. परंतु रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे मिलिग्रॅमहून अधिक लोह शरीरांत जातें, आणि तें बाहेर टाकण्याची सोय निसर्गानें जवळजवळ ठेवलेलीच नाहीं. तें यकृतांत सांचतें, हृदयांत सांचतें. आणि रक्तानें वांचविलेलें मूल ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर लोहानें मरतें.

यावर उपाय निघाला तो डेस्फेरिऑक्सॅमिन या औषधाचा. १९६० नंतर तें वापरांत आलें आणि १९७५ च्या सुमारास त्याची खरी रीत सांपडली. लहानशा पंपाला जोडलेली सुई पोटाच्या कातडीखालीं खुपसून रात्रभर, आठ-दहा तास, औषध थेंबाथेंबानें सोडावयाचें. तेंहि आठवड्यांतून पांच-सहा रात्री, आणि जन्मभर. औषध गुणकारी होतें, पण महाग होतें. वैद्यकाचें प्रत्येक यश आतां वाढत्या खर्चाचें बिल घेऊन येऊं लागलें. पूर्वीचे रोगी मरून जागा रिकामी करीत. आतां जुने जगणार आणि दरवर्षीं नवे त्यांत मिळणार.

१९७० नंतरच्या दशकांत तज्ज्ञांनीं सायप्रससाठीं पुढचा हिशेब मांडला. प्रतिबंधाचा कांहींच उपाय केला नाहीं, तर सुमारें चाळीस वर्षांनीं या एका रोगासाठीं वर्षाला ७८,००० पिशव्या रक्त लागेल आणि उपचारांचा खर्च बेटाच्या संपूर्ण आरोग्यखात्याच्या अंदाजपत्रकाइतका किंवा त्याहून अधिक होईल. बेटाची लोकसंख्या तेव्हां सहा लाखांच्या आसपास होती. म्हणजे तान्हीं मुलें, म्हातारीं माणसें सारीं धरून दर आठ माणसांमागें वर्षाला एक पिशवी. इतकें रक्त कोठून आणणार? पैसा कर्जाऊ मिळतो. रक्ताची तशी सोय नाहीं.

उलट, वाहक ओळखण्याची रक्तपरीक्षा अगदीं स्वस्त होती. तांबड्या पेशी नेहमींपेक्षां लहान आहेत काय, एवढें प्रथम पाहावयाचें आणि संशय आल्यास दुसरी एक तपासणी करावयाची. मग प्रश्न राहिला कोठें? तो राहिला माणसांत. शेजारच्या ग्रीसमधील ऑर्खोमेनॉस या गांवीं सिकल सेल या अशाच आनुवंशिक रक्तरोगाचे वाहक शोधून त्यांनीं परस्परांशीं लग्न करूं नये, असा सल्ला देण्यांत आला होता. परिणाम असा झाला कीं, वाहक म्हणजे कांहीं तरी कमीपणा, असा समज पसरला. लोक आपली परीक्षा लपवूं लागले. आणि वाहकांचीं आपसांतलीं लग्नें होतींच तशीं होत राहिलीं. पत्रिका जुळविण्याच्या आपल्याकडील पद्धतींत मंगळ कसा लपविला जातो, हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचें आश्चर्य वाटूं नये.

सायप्रसनें याहून निराळी वाट धरली. गर्भावस्थेंतच रोगाचें निदान करण्याची विद्या त्याच दशकांत लंडनला सिद्ध झाली होती. पहिलीं जोडपीं त्यासाठीं तिकडे गेलीं. नंतर निकोशियांतच ती सोय झाली. लग्न मोडण्याचा सल्ला देण्याची गरज त्यामुळें उरली नाहीं. १९८३ पासून बेटावरील ऑर्थोडॉक्स चर्चनें लग्नापूर्वीं रक्तपरीक्षेचा दाखला मागण्यास आरंभ केला. चर्चचा गर्भपाताला विरोध असतांना हें घडलें, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. दाखल्यावर परीक्षेचा निकाल लिहिलेला नसे. वधूवरांची तपासणी झाली आणि त्यांना योग्य माहिती देण्यांत आली, एवढेंच त्यांत असे. बेटाच्या तुर्की भागांत हीच तपासणी कायद्यानें सक्तीची झाली. १९७४ च्या युद्धानें दुभंगलेल्या आणि एकमेकांशीं बोलणें टाकलेल्या दोन समाजांनीं या एका बाबतींत सारखीच तजवीज करावी, हा त्या बेटाच्या इतिहासांतील एक चमत्कारच म्हणावयाचा. दोघेंहि वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनीं लग्न केलेंच. साखरपुडे झालेले होते, आमंत्रणें गेलेलीं होतीं, आणि प्रेम तर होतेंच.

१९८० नंतरचें दशक संपेपर्यंत रोगी मुलांचे जन्म वर्षाला एक-दोनावर आले. पुढें कांहीं वर्षीं ते शून्यावर गेले. सार्डिनिया बेटावरहि अंतोनियो काओ यांच्या नेतृत्वाखालीं, कोणत्याहि दाखल्याशिवाय, हें प्रमाण २५० जन्मांत एकावरून ४,००० जन्मांत एकापर्यंत खालीं आलें.

या जमाखर्चाच्या भाषेंत एक धोका आहे आणि तो झांकून ठेवणें बरें नव्हे. न जन्मलेलें मूल ज्या वहींत बचत म्हणून लिहिलें जातें, त्याच वहींत जन्मलेलें मूल ओझें म्हणून लिहिलें जाण्यास वेळ लागत नाहीं. गर्भ ठेवावा कीं ठेवूं नये, हा निर्णय ज्या आईला घ्यावा लागला, तिच्या दुःखाला तर त्या वहींत रकानाच नाहीं. सायप्रसमध्यें हा धोका बऱ्याच अंशीं टळला, याचें कारण प्रतिबंधाची मागणी करण्यांत रोगी मुलांचे आईबापच आघाडीवर होते. नव्या रोग्यांची भर थांबली, तरच आपल्या मुलाला रक्त आणि औषध जन्मभर मिळेल, हें त्यांनीं ओळखलें होतें. उपचार कीं प्रतिबंध, असा वाद पुस्तकांतून रंगतो. त्या आईबापांच्या दृष्टीनें दुसरा हा पहिल्याचा विमा होता. वांचलेला पैसा इतरत्र न वळवितां रोग्यांवर खर्च झाला, म्हणूनच लोकांचा या योजनेवर विश्वास बसला. जेथें उपचाराची हमी न देतां केवळ तपासणीची सक्ति होते, तेथें असा विश्वास कोणत्या आधारावर मागावयाचा?

मुंबई आणि उल्हासनगर येथील सिंधी, तसेंच लोहाणा व भानुशाली कुटुंबांत वाहकांचें प्रमाण इतरांपेक्षां अधिक आढळतें. त्यामुळें रात्रभर चालणाऱ्या त्या पंपाची किंमत मुंबईकरांनाहि चांगली ठाऊक होती. पंपाऐवजीं तोंडानें घेण्याची लोहनाशक गोळी, डेफेरिप्रोन, मुंबईच्या सिप्ला कंपनीनें १९९० नंतरच्या दशकांत, पाश्चात्त्य देशांत तिला परवाना मिळण्याच्या आधींच, बाजारांत आणली.

निकोशियाच्या रक्तकेंद्रांत आतां बालके क्वचितच दिसतात. तेथील खाटांवर रक्त घेत पडलेलीं माणसें चाळिशी-पन्नाशीचीं आहेत. कोणी कचेरींतून येतें, कोणी शाळेंत शिकवून येतें. कित्येकांना स्वतःचीं निरोगी मुलें आहेत. वयाबरोबर त्यांना मधुमेह जडतो, हाडें ठिसूळ होतात, हृदयाची काळजी घ्यावी लागते, आणि एकेका रोग्यामागें होणारा खर्च वाढतच जातो. तो आजहि दिला जातो.