अंथरूण वेगळं, सोबत तीच

मुलाला वेगळं कधी झोपवायचं, हा प्रश्न तळेगावातही आता विचारला जातो. कारण वेगळी खोलीच आपल्याकडं नवी आहे. पूर्वी धाकटं भावंड आलं की थोरलं आईच्या कुशीतून आजीच्या गोधडीत जायचं. अंथरूण बदलायचं, सोबत सुटायची नाही. पण त्या पोराला विचारायचं कोण?

मारिया माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या. मुलाला कठड्याच्या पलंगात कोंडू नका, जमिनीलगत बिछाना द्या. ते आपणहून झोपेल, आपणहून उठेल, असं त्यांचं म्हणणं. जमिनीवरचा बिछाना आपल्याकडं होताच, ‘आपणहून’ तेवढं नव्हतं. म्हणून आपण आजीकडून सोबत घेऊ, माँटेसरींकडून मुलाची मर्जी. गोधडी आधी हातभर अंतरावर घालू. पुढं कधी सरकवायची, ते मुलालाच ठरवू देऊ.