वृक्षावरील अतिथिगृह

मुलांना सोबत घेऊन अरण्यांतील विलासी अतिथिगृहांत राहणें ही आतां सधन कुटुंबांची हौस झाली आहे. या हौसेचा इतिहास मात्र वाटतो तितका निष्पाप नाहीं.

केन्यांतील न्येरीनजीक, अॅबरडेअर अरण्यांत, एरिक शेरब्रुक वॉकर यांनीं १९३२ सालीं एका प्रचंड वृक्षावर दोन खोल्यांचें 'ट्रीटॉप्स' बांधलें. खालच्या पाणवठ्यावर येणारे हत्ती व गेंडे रात्रीं निःशब्द बसून पाहावयाचे, हा तेथील नेम. फेब्रुवारी १९५२ मध्यें राजकन्या एलिझाबेथ तेथें राहिली. त्याच रात्रीं तिचे वडील वारले व ती राणी झाली. कुमाऊंचे नरभक्षक वाघ मारणारे जिम कॉर्बेट तेव्हां तिच्या सोबतीस होते. एवढी कथा सर्वश्रुत आहे.

परंतु ज्या किकुयू लोकांच्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांनीं घेतल्या, त्यांच्या मुलांचें काय झालें? ऑक्टोबर १९५२ मध्यें आणीबाणी पुकारली गेली. माउ माउ बंडखोरांनीं याच अरण्याचा आश्रय केला, आणि १९५४ सालीं ट्रीटॉप्स जाळलें गेलें. त्याच वर्षापासून सरकारनें दहा लाखांवर किकुयूंना बायकामुलांसह पहाऱ्यांतील गांवांत कोंडलें. तेथें भुकेनें व रोगानें कित्येक मुलें दगावलीं. अतिथिगृह मात्र १९५७ सालीं पुन्हां उभें राहिलें.

मुलांना हत्ती दाखवूं नयेत, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांना रात्रीं गप्प बसावयास अवश्य शिकवावें. पण याच रानांत पूर्वीं कोणाला गप्प केलें गेलें, हेंहि सकाळीं सांगावें.