यशाचं माप: वजनाच्या शस्त्रक्रियेचा सत्तर वर्षांचा हिशेब

लावणीची कामं उरकून शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतून एवढी माणसं आलीत, त्याबद्दल आधी आभार.

आजच्या विषयाची सुरुवात एका प्रश्नातून झाली. मागे याच भागात आमचं बोलणं संपल्यावर मुरबाडकडच्या एक ताई थांबल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही जुन्या गोष्टी सांगता, आता एक आजची सांगा. माझ्या नणंदेला वजनाचं ऑपरेशन सांगितलंय. ते यशस्वी होतं का? हो की नाही, एवढंच सांगा." आम्ही डॉक्टर नाही, इतिहास शिकवतो. डॉक्टरांनाच विचारा, असं सांगून आम्ही सुटलो. पण प्रश्न काही सुटला नाही. घरी जाऊन वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की हा इतिहासाचाही प्रश्न आहे. 'यशस्वी' म्हणजे काय, हे कोणी ठरवलं? कधी ठरवलं? आणि ते माप पुढे तसंच राहिलं का?

आधी आपल्या भागापासून सुरुवात करू. आपल्याकडे वजनकाटा गावात आला तो अगदी उलट्या कामासाठी. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, पुढे पाड्यापाड्यांवर अंगणवाड्या आल्या आणि मुलांची वजनं घेणं सुरू झालं. वजन वाढलं की सगळे खूश. १९९२ साली वावर-वांगणीचे बालमृत्यू राज्यभर गाजले, तेव्हा जव्हार-मोखाडा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे आपल्या आठवणीत वजन उतरणं याचा अर्थ आजारपण, टीबी, उपासमार. बाळसं धरलं, अंगानं भरली, खात्यापित्या घरची दिसते, हे आपले कौतुकाचे शब्द. ज्या घरात आजी नातीचं वजन वाढावं म्हणून नवस बोलली, त्याच घरात आज आई वजन उतरवायच्या ऑपरेशनचा विचार करते आहे. हा बदल एका पिढीत झाला.

असं का झालं, याचं एक उत्तर पुण्यात सापडतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. मुलं जन्मतः हलकी होती, पण त्या हलक्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त होती. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा दोघांना सारखाच म्हणत होता, शरीरं मात्र वेगळी होती. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. १९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या डॉक्टरांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वळसा घालून वगळण्याची शस्त्रक्रिया मांडली. खाल्लेलं अन्न त्या भागातून जाणारच नाही, त्यामुळे पचणार कमी, अंगी लागणार कमी. वजन उतरायचं, आणि भरपूर उतरायचं. साठ-सत्तरच्या दशकांत हजारो लोकांनी ती करून घेतली. काट्यावर पाहिलं तर ती यशस्वीच होती.

पण काही वर्षांनी वेगळ्याच तक्रारी घेऊन माणसं परत यायला लागली. सततचे जुलाब, मुतखडे, सांधेदुखी, जीवनसत्त्वांची कमतरता आणि काहींचं यकृत निकामी झालेलं. शेवटी ही शस्त्रक्रिया मागे पडली आणि अनेकांना दुसरं ऑपरेशन करून आतडं पुन्हा जोडून घ्यावं लागलं. या सत्तर वर्षांतला पहिला धडा इथे मिळतो. यश पहिल्या वर्षी दिसलं, अपयश कळायला पुढची कितीतरी वर्षं गेली.

दरम्यान आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला जायचा, ती माणसं पुढे वजन वाढवू शकत नव्हती. त्यावरून १९६६ साली मेसन आणि इटो यांनी जठराचा बायपास केला. आजचा बायपास त्यातूनच घडत गेला. मग पद्धती वाढल्या. जठराला वरून पट्टा बसवायचा, तो 'बँड'. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त भाग कापून बाजूला काढायचा आणि उरलेली नळी ठेवायची, ती 'स्लीव्ह'. २००८ साली जगातल्या अशा शस्त्रक्रियांपैकी सुमारे ४२ टक्के बँडच्या होत्या. पुढच्या काही वर्षांत बँड झपाट्याने मागे पडला, कारण वजन परत वाढणं, पट्टा सरकणं आणि तो काढून टाकावा लागणं हे फार जणांच्या वाट्याला यायला लागलं. आज सगळ्यात जास्त होते ती स्लीव्ह. कापलेलं जठर परत येत नाही, हे ती करायच्या आधीच लक्षात घ्यायचं.

आता 'यश' या शब्दाकडे येऊ. १९८० च्या सुमारास शल्यचिकित्सकांमध्ये एक माप रूढ झालं. जादा वजनापैकी निम्मं उतरलं तर यश, नाही तर अपयश. हिशेब करून पाहू. पाच फूट उंचीची बाई आहे, वजन शंभर किलो. बीएमआय २५ धरला तर तिचं वजन ५८ च्या आसपास हवं. म्हणजे जादा वजन ४२ किलो. त्यातलं २१ उतरलं आणि ती ७९ वर आली, की यश. तिची शेजारीण तेवढीच उंच, तेवढीच जड, पण ती ८१ वर थांबली. तिचं अपयश. आता समजा शेजारणीची साखर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले, ती परत शेतावर जायला लागली. आणि पहिलीला रोज उलट्या होतात, केस गळतात. कागदावर मात्र पहिली पास आणि दुसरी नापास.

हे माप अपुरं आहे, हे डॉक्टरांनाही उमगलं. १९९५ साली डॉ. वॉल्टर पोरीज यांनी दाखवलं, की बायपासनंतर कित्येकांचा मधुमेह आटोक्यात येतो. १९९८ साली ओरिया आणि मूरहेड यांनी नवी गुणपत्रिका मांडली. तिच्यात उतरलेल्या वजनाबरोबर आजार किती सुधारले आणि जगणं कसं झालं, यालाही गुण होते. गुंतागुंत झाली तर गुण वजा.

सगळ्यात मोठी साक्ष मिळते स्वीडनमधून. तिथे १९८७ मध्ये एक अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया केलेले २०१० लोक आणि न केलेले २०३७ लोक यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. पहिल्या एक-दोन वर्षांत बायपासवाल्यांचं वजन सरासरी ३२ टक्के उतरलं. दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर आलं. बँडवाल्यांचं २० वरून १४ वर. मधुमेह असलेल्यांपैकी दोन वर्षांनी ७२ टक्के त्यातून बाहेर होते, दहा वर्षांनी ३६ टक्के. म्हणजे दुसऱ्या वर्षी मोजलं तर एक उत्तर, दहाव्या वर्षी मोजलं तर दुसरं.

पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. सरासरी ११ वर्षांच्या काळात शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी १२९ जण दगावले, केलेल्यांपैकी १०१. काहीच न करणं यालाही किंमत आहे, आणि ती कधीकधी जिवानेच मोजावी लागते. अमेरिकेतल्या २००९ च्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण ०.३ टक्के होतं, म्हणजे हजारात तीन. तेव्हा ऑपरेशन म्हणजे मरण, ही चावडीवरची भीती खरी नाही. आणि ऑपरेशन झालं की सुटलो, ही समजूतही खरी नाही.

मग एवढ्या अभ्यासांमधून पक्कं उत्तर का मिळत नाही? २०१४ साली काही संशोधकांनी ७३७१ अभ्यास चाळले. त्यांची अट साधी होती. निदान दोन वर्षं पाठपुरावा हवा आणि शंभरातले ऐंशी रुग्ण तरी हाताशी असावेत. ही अट पुरी करणारे निघाले फक्त २९. बाकीच्यांत जे तपासणीला परत आलेच नाहीत, त्यांचं काय झालं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. परत कोण येत नाही? कोणी बरं वाटतंय म्हणून येत नाही. कोणी वजन परत वाढलं, डॉक्टर रागावतील म्हणून. आणि कोणी गाडीभाड्याला पैसे नाहीत म्हणून.

इथे आम्हाला शहापूर-मुरबाड दिसायला लागतं.

मराठी घरांत या शस्त्रक्रियेची चर्चा पोचली ती मोठ्या माणसांमुळे. २०११ साली भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतली आणि त्याबद्दल ते उघडपणे बोलले. मग फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तमधली एक तरुणी मालवाहू विमानाने मुंबईत आली. तिचं वजन ५०० किलो असल्याचं सांगितलं जात होतं. टीव्हीवर रोज तिचे किलो मोजले जात होते. मार्चमध्ये तिची स्लीव्ह झाली. डॉक्टर वजन किती उतरलं ते सांगत होते, बहीण ते मानायला तयार नव्हती. मे महिन्यात तिला अबुधाबीला नेलं आणि सप्टेंबरमध्ये ती तिथे वारली. यात कोणाचं चुकलं, हे ठरवायचं काम आमचं नाही. आम्हाला एवढंच दिसतं, की आपण सगळे काट्याकडे पाहत होतो.

आता शस्त्रक्रिया कोणाला सांगायची, हे मापही बदललेलं आहे. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने सांगितलं, बीएमआय ४० असेल तर, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार असेल तर. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती रेषा ३५ वर आणली. आशियातल्या लोकांसाठी २७.५ पासून विचार व्हावा, असंही म्हटलं. याज्ञिकांचा तो फोटो आठवा. आपल्या अंगात चरबी लवकर साठते, म्हणून रेषा खाली आली. याचा अर्थ रेषेच्या वरच्या प्रत्येकाने करून घ्यावी, असा मात्र नाही.

तर त्या ताईंना आज काय सांगू? हो की नाही, ते अजूनही सांगता येत नाही. पण नणंदेबरोबर डॉक्टरांकडे जाताना चार प्रश्न घेऊन जा, असं सांगू.

पहिला, कशासाठी करायचंय? साखर, रक्तदाब, गुडघे, झोपेत श्वास अडकणं, की लग्नातले फोटो? ज्यासाठी करायचं त्यावरूनच यश मोजायचं. ते आधीच कागदावर लिहून ठेवा.

दुसरा, पाचव्या वर्षी तपासणी कुठे होणार? लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि रक्त तपासत राहावं लागतं. आपल्याकडच्या बायकांत आधीच रक्त कमी. मुरबाडला आजही रेल्वे नाही, एसटीने कल्याण गाठायचं. डोळखांबहून आसनगाव स्टेशनला यायचं आणि मग लोकल. एक दिवसाची मजुरी बुडते. हा खर्च ऑपरेशनच्या बिलात दिसत नाही, पण तो त्याचाच भाग आहे. रक्ताच्या कोणत्या तपासण्या गावाजवळच्या सरकारी रुग्णालयात होतील आणि कोणत्यासाठी शहरात यावं लागेल, हे आधीच विचारा.

तिसरा, घरात काय बदलणार? ताटभर भात आता बसणार नाही. थोडकं खायचं, आणि त्यात आधी अंडी, सुकट, वाल, कुळीथ, डाळ. सारख्या उलट्या होत असतील तर वाट पाहायची नाही, कारण बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदूला आणि नसांना इजा होऊ शकते. लावणीनंतर अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी बायपासनंतर अल्सर करू शकते. विडीचंही तेच. दारू, मोहाची असो की दुकानातली, लवकर चढते आणि तिची सवय लागण्याचा धोका वाढतो. मूल हवं असेल तर निदान वर्ष-दीड वर्ष थांबायचं. हे सगळं सासरच्या माणसांनाही समजावून सांगा, कारण ताट वाढणारा हात बहुधा दुसऱ्याचा असतो.

चौथा, वजन थोडं परत वाढलं तर? ते बहुतेकांचं थोडंफार वाढतं. स्वीडनच्या आकड्यांत आपण ते पाहिलं. त्याला अपयश म्हणून घरात टोमणे मारायचे नाहीत. टोमणे खाल्लेलं माणूस डॉक्टरकडे परत जात नाही, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो.

या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली आणि पटली, तर शस्त्रक्रिया हा चांगला उपाय ठरू शकतो. उत्तरं टाळली जात असतील, नुसते आधीचे-नंतरचे फोटो दाखवले जात असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. घाई नाही.

त्या ताई आज सभागृहात आहेत की नाही, आम्हाला दिसत नाही. असतील तर त्यांनी थांबावं. त्या दिवशी आम्ही सुटलो होतो, आज सुटणार नाही. चहा आहे. तुमचेही प्रश्न असतील, तर आता ते घेऊ.