बाळाच्या चिठ्ठीवर 'व्हायग्रा'चं औषध? लाजून बंद करू नका, आधी हे वाचा

नवी मुंबई : पनवेल, उरण, कर्जत, खालापूर भागातले रुग्ण मोठ्या उपचारासाठी नवी मुंबई गाठतात. लहान मुलांच्या जन्मजात हृदयदोषांवर मोफत उपचार करणारं श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयही इथेच, खारघरला आहे. हृदयाला छिद्र असलेल्या काही मुलांच्या फुफ्फुसातला रक्तदाब वाढतो. त्यासाठी डॉक्टर कधी कधी सिल्डेनाफिल लिहून देतात. घरचे मोबाईलवर नाव शोधतात तर समोर 'व्हायग्रा' येतं. मग लाज वाटते, कुणी हसतं आणि औषध बंद होतं. हे मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

औषध मूळचं हृदयासाठीच

फायझर कंपनीने सिल्डेनाफिल शोधलं ते छातीत दुखण्यावर, म्हणजे अंजायनावर. चाचणीत छातीदुखीला फार फरक पडला नाही, पण पुरुषांना वेगळाच परिणाम जाणवला. 27 मार्च 1998 रोजी अमेरिकेत ते लैंगिक दुर्बलतेवरचं औषध म्हणून मंजूर झालं. पुढे 2005 मध्ये तेच औषध फुफ्फुसातल्या वाढलेल्या रक्तदाबासाठीही मंजूर झालं.

काम कसं करतं?

शरीरात रक्तवाहिन्या सैल करणारा एक घटक तयार होतो. त्याला मोडून टाकणारं पीडीई-5 नावाचं एन्झाइम लिंगाच्या आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत जास्त असतं. औषध त्या एन्झाइमला अडवतं. वाहिन्या सैल होतात, रक्त सहज वाहतं. फुफ्फुसातला दाब उतरला की हृदयाच्या उजव्या बाजूवरचा ताण कमी होतो. लैंगिक इच्छा हे औषध वाढवत नाही, त्यामुळे बाळावर 'तसला' परिणाम होईल ही भीती नको.

आणखी कुठे वापर?

- फुफ्फुसातला रक्तदाब : मोठ्यांना साधारण 20 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. मुलांचा डोस वजनावर ठरतो.
- नवजात बाळ : जन्मानंतर फुफ्फुसातला दाब न उतरलेल्या काही बाळांना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.
- प्रोस्टेट : लघवीची धार बारीक, रात्री सारखं उठावं लागतं, अशा वयस्करांना याच जातीचं टाडालाफिल रोज 5 मिलिग्रॅम. अमेरिकेत याला 2011 मध्ये मंजुरी मिळाली.
- रेनॉड : थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात. इतर औषधांनी भागलं नाही तर काही डॉक्टर हे देतात.

सगळीकडे उपयोग होतोच असंही नाही. पोटात बाळाची वाढ खुंटलेल्या गरोदर महिलांवर नेदरलँड्समध्ये सिल्डेनाफिलची चाचणी सुरू होती. काही नवजात बाळं दगावल्यावर ती 2018 मध्ये थांबवावी लागली. म्हणून गरोदरपणात स्वतःच्या मनाने अजिबात नको.

इथे जिवाला धोका

छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची सवय गावोगावी आहे. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेणाऱ्याने ती गोळी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस दगावू शकतो. सिल्डेनाफिलनंतर 24 तास आणि टाडालाफिलनंतर 48 तास तरी हा धोका धरून चालावं. छातीत दुखत असेल तर 108 ला फोन करा आणि कुठली गोळी कधी घेतली ते डॉक्टरांना न लाजता सांगा. 'शक्तिवर्धक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्येही हेच औषध न सांगता मिसळलेलं आढळलं आहे. अशी पुडी घेतली असेल तर तेही सांगा.

घरच्यांनी काय करावं?

- चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहून मागा.
- औषध संपायच्या चार दिवस आधी आणून ठेवा. एकदम बंद केलं तर फुफ्फुसातला दाब पुन्हा चढू शकतो.
- मोठ्यांची गोळी अंदाजाने तोडून मुलाला देऊ नका.
- बीपीची किंवा प्रोस्टेटची दुसरी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.
- चक्कर, अचानक कमी दिसणं किंवा कमी ऐकू येणं, असं काही झालं तर लगेच दवाखाना गाठा.